रेकॉर्डर शिकताना: कोणत्या क्रमाने जायचं आणि कुठे अडतं

रेकॉर्डर (टोकाकडून फुंकून वाजवायचं, बासरीच्या जातीचं वाद्य) हातात आला की बहुतेक जण आधी पुढची सात आणि मागचं एक अशी आठही भोकं झाकतात आणि सगळ्यात खालचा सूर काढायला जातात. गाणं किंवा पेटी शिकलेल्यांना तर हे अगदी स्वाभाविक वाटतं, कारण सुरुवात सा पासून करायची आणि सा म्हणजे सगळं बंद. पण रेकॉर्डरवर हाच सूर सर्वात अवघड आहे. आठ बोटांपैकी एक जरी केसभर सरकलं तरी वाद्य किंचाळतं. मग माणूस जोरात फुंकतो, आवाज आणखी बिघडतो, आणि दोन आठवड्यांत वाद्य कपाटात जातं.

म्हणून या लेखात क्रमावर भर आहे: आधी फुंकर, मग जीभ, मग डाव्या हाताचे तीन सूर, आणि उजवा हात त्यानंतर. हा क्रम पाळला तर बाकीचं सरावाने जमतं.

खालची सगळी माहिती सोप्रानो रेकॉर्डरसाठी आहे. साधारण ३२–३३ सेंटिमीटर लांबीचं हे छोटं वाद्य बहुतेक नवशिक्यांच्या हाती असतं. त्याचा सगळ्यात खालचा सूर सी, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी एक. आल्टो रेकॉर्डर याहून मोठा असतो. त्यावर बोटं तशीच ठेवायची असली तरी सूर वेगळे येतात, कारण त्याचा खालचा सूर एफ, पांढरी चार आहे. हात फार मोठे असतील तर आल्टोवर सुरुवात करायला हरकत नाही, मात्र सूरांची नावं त्याच्याच बोटतक्त्यातून (कोणत्या सुराला कोणती भोकं झाकायची ते दाखवणारा तक्ता) घ्या.

पूर्वतयारी: वाद्य निवडताना

पहिलं वाद्य प्लास्टिकचंच घ्या. चांगल्या प्लास्टिकच्या रेकॉर्डरचा सूर पक्का असतो, तो धुता येतो आणि सरावाच्या वेळेवर बंधन नसतं. नवं लाकडी वाद्य सुरुवातीचे काही आठवडे रोज थोडाच वेळ वाजवून मुरवावं लागतं, नाहीतर तडा जाण्याची भीती असते. शिकण्याच्या काळात हे बंधन नको.

बोटांची पद्धत बरोक आहे की जर्मन, हे विकत घेण्याआधी बघा. दोन्ही वाद्यं दिसायला जवळपास सारखी, आणि घोळ इथेच होतो. जर्मन पद्धतीत एफ हा सूर सोप्या बोटांनी येतो, म्हणून ते वाद्य नवशिक्यांना बरं असं सांगितलं जातं. मला हा सल्ला पटत नाही. एका सुराची सोय होते, पण एफ शार्प (काळी तीन) आणि वरचे काही सूर गैरसोयीचे किंवा बेसूर होतात, आणि पुढे बरोक वाद्य घेतलं की बोटांची सवय मोडावी लागते. पहिल्यापासून बरोकच घ्या. यामाहाच्या प्लास्टिक सोप्रानोंपैकी वायआरएस-२४बी हे बरोक आणि वायआरएस-२३ हे जर्मन पद्धतीचं आहे, म्हणजे एकाच कंपनीत दोन्ही मिळतात.

*तपासा:* पुढची भोकं वरून खाली मोजा. चौथं लहान आणि पाचवं मोठं असेल तर वाद्य बरोक. पाचवं चौथ्यापेक्षा लहान असेल तर जर्मन.

याशिवाय लागतं ते मोबाइलवरचं एक ट्यूनर ॲप (सूर कोणता आणि किती चढा-उतरा आहे ते काट्याने दाखवणारं) आणि वाद्याच्या नळीतून जाणारी, कापड गुंडाळलेली काडी. ट्यूनर पहिल्या दिवसापासून हवा. तो पुढे सतत लागणार आहे.

टप्पा १: वाद्य जोडणं आणि धरणं

बहुतेक रेकॉर्डर तीन तुकड्यांचे असतात. जोडताना सरळ दाबू नका, हलकेच पिळत बसवा. सांधा घट्ट असेल तर वाद्यासोबत मिळणारं ग्रीस किंचित लावा. वरच्या तुकड्यावर एक चौकोनी खिडकी आणि तिच्या खालच्या कडेला उतरती धार असते. फुंकलेली हवा या धारेवर आपटते आणि सूर तिथेच तयार होतो. या धारेला बोट, नख, कापड काहीच लावायचं नाही. तिथे ओरखडा पडला की सूर कायमचा बिघडतो.

खिडकी आणि पुढची भोकं एका रेषेत आणा. सर्वात खालचा तुकडा मात्र थोडा उजवीकडे फिरवा, म्हणजे करंगळीला ताण न देता शेवटचं भोक गाठता येईल. दोन तुकड्यांच्या वाद्यात ही सोय नसते.

डावा हात वर, उजवा खाली. डावखुऱ्यांनीही असंच धरायचं, कारण खालची भोकं उजव्या करंगळीच्या बेताने पाडलेली असतात. डावा अंगठा मागच्या भोकावर, त्याला आपण ० म्हणू. डावी तर्जनी १, मधलं बोट २, अनामिका ३. डाव्या करंगळीला काम नाही. उजवी तर्जनी ४, मधलं बोट ५, अनामिका ६, करंगळी ७. उजवा अंगठा मागे, साधारण चौथ्या भोकाच्या समोर, वाद्याला आधार देतो. सुरुवातीला उजव्या हाताचं एवढंच काम, आणि ते महत्त्वाचं आहे, कारण पुढे काही सुरांना जवळजवळ सगळी बोटं उचललेली असतात आणि वाद्य फक्त या अंगठ्यावर आणि ओठांवर तोललेलं राहतं.

मान ताठ, खांदे सैल, कोपर अंगापासून थोडे दूर. वाद्य छातीशी साधारण ४५ अंशांचा कोन करतं. वाद्य तोंडाकडे आणायचं, मान वाद्याकडे वाकवायची नाही.

टप्पा २: फुंकर

माझ्या मते हा टप्पा सगळ्यात जास्त वेळ मागतो आणि त्यालाच सगळ्यात कमी वेळ दिला जातो.

फक्त वरचा तुकडा हातात घ्या. टोक ओठांमध्ये जेमतेम एक सेंटिमीटर जाऊ द्या. दातांनी चावू नका, ओठ नुसते मिटून घ्या. गाल फुगवायचे नाहीत. आता काचेवर वाफ धरण्यासाठी जितका हलका श्वास सोडता, तितकाच सोडा. सूर आला पाहिजे.

रेकॉर्डरला बासरीसारखी ओठांनी फुंकर वळवावी लागत नाही. हवेची वाट वाद्यातच कोरलेली असते. म्हणून पहिला आवाज लगेच येतो, आणि सोपं आहे म्हणून माणूस जोर लावतो. पण इथे जोर वाढला की सूर नुसता मोठा होत नाही, तो चढतो. आणखी जोर लावला की एकदम वरच्या सप्तकात उडी मारतो. रेकॉर्डरवर आवाज लहानमोठा करायला फारशी जागा नाही. फुंकर सुराच्या उंचीवर ताबा ठेवते, आवाजाच्या मोठेपणावर नाही.

बोटं न लावता, नुसता वरचा तुकडा वाजवत, ट्यूनरसमोर एक सूर सहा ते आठ सेकंद धरा. काटा हलता कामा नये. सुरुवातीला तो श्वासाच्या शेवटी खाली पडेल, कारण हवा संपत येते तसा जोर कमी होतो. पोटातून श्वास घ्या, खांदे वर जाऊ देऊ नका, आणि हवा संपायच्या आधी सूर थांबवा. काटा स्थिर राहीपर्यंत पुढे जाऊ नका, मग त्याला दोन दिवस लागोत की पाच.

*सावधान:* चक्कर आल्यासारखं वाटलं तर जोर जास्त होतोय. थांबा, पाणी प्या, आणि अर्ध्या हवेत पुन्हा सुरू करा.

टप्पा ३: जीभ

सूर सुरू करायचा तो जिभेने, फुंकरीच्या धक्क्याने नाही. हवा आतून तयार असते, जीभ तिला अडवून धरते आणि सोडते. एखादा हलका "दु" म्हणताना होतं तसंच, फक्त कंठातून आवाज काढायचा नाही.

आपल्याकडे इथे एक अडचण येते. मराठीतला "द" म्हणताना जीभ दातांना टेकते आणि "ड" म्हणताना ती फार मागे वळते. हवी ती जागा यांच्यामध्ये आहे. "ला" म्हणा, आणि जिभेचं टोक कुठे टेकतं ते पाहा. वरच्या दातांच्या मागे, हिरडीजवळ. त्याच जागी जीभ ठेवून "दु" म्हणा.

आता वरच्या तुकड्यावर एकाच श्वासात दु-दु-दु-दु करा. श्वास मधे तुटता कामा नये. हवा सलग, जीभ फक्त तिला चिरत जाते. "हू-हू-हू" असा आवाज ऐकू आला तर जीभ काम करत नाहीये, तुम्ही पोटाने धक्के देताय. ही सवय एकदा लागली की जलद स्वर कधीच जमत नाहीत, म्हणून आत्ताच मोडा.

*तपासा:* चार ठोके एकसारखे ऐकू येतात का, की पहिला मोठा आणि बाकीचे दबके? मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. वाजवत असताना स्वतःला हे नीट कळत नाही.

टप्पा ४: तीन सूर, फक्त डावा हात

आता वाद्य पूर्ण जोडा.

बी, पांढरी सात: ० १
ए, पांढरी सहा: ० १ २
जी, पांढरी पाच: ० १ २ ३

जी ला सा मानलं तर हे तीन सूर होतात ग, रे, सा. तीन सुरांत खूप काही वाजवता येतं, आणि गाण्याचा कान असेल तर सा कुठे आहे हे डोक्यात पक्कं राहतं. हा सा वाद्याच्या मधोमध आहे, पायथ्याशी नाही. पुढे वर आणि खाली दोन्हीकडे त्याच्यापासूनच पसरायचं आहे.

बोटाचं टोक भोकावर येता कामा नये. पेराचा मऊ, सपाट भाग टेकवायचा. दाबही फार नको. नखं कापलेली असावीत, विशेषतः डाव्या अंगठ्याचं.

*तपासा:* जी धरून पंधरा सेकंद बोटं न हलवता ठेवा, मग उचलून पाहा. प्रत्येक बोटावर भोकाचा पूर्ण गोल ठसा दिसला पाहिजे. अर्धा चंद्र दिसला तर बोट सरकलंय.

बोटं उचलताना फार वर नेऊ नका. भोकापासून एक-दोन सेंटिमीटर पुरे. जास्त उचललेलं बोट उशिरा परत येतं आणि चुकीच्या जागी पडतं.

सराव असा: बी धरा, मग ए, मग जी, प्रत्येक चार मात्रा. त्यानंतर ग ग रे रे सा सा सा -, मग सा रे ग रे सा, मग सा ग रे ग सा. प्रत्येक सुराला "दु". हे सहज जमायला लागेपर्यंत चौथ्या सुराच्या मागे लागू नका. रोज दहा-पंधरा मिनिटं दोनदा बसणं, एकदाच तासभर बसण्यापेक्षा बरं. ओठ आणि बोटं थकली की चुकाच पक्क्या होतात.

जाता जाता, ट्यूनरवर बी चा सूर बी५ असा दिसेल, तर नोटेशनमध्ये तोच सूर एक सप्तक खाली लिहिलेला असतो. काही बिघडलेलं नाही. सोप्रानो जसा लिहितात त्यापेक्षा एक सप्तक वर वाजतो.

सगळेच सूर थोडे चढे येत असतील तर वरचा तुकडा एक-दोन मिलिमीटर बाहेर ओढा. सगळे उतरे येत असतील तर आधी वाद्य गरम आहे का बघा. थंड वाद्य उतरं वाजतं.

टप्पा ५: वरचे दोन सूर

सी: ० २
डी: फक्त २

यामुळे सा रे ग म प पूर्ण होतो. बी वरून सी ला जाताना तर्जनी उठते आणि मधलं बोट पडतं, दोन्ही एकाच क्षणी. मधे एक चुकार सूर ऐकू आला तर बोटं वेगवेगळी हलताहेत. अतिशय सावकाश बी-सी-बी-सी करा, तो सूर ऐकू येणं थांबेपर्यंत. गती वाढवून ही चूक झाकता येत नाही.

डी ला अंगठाही उठतो आणि वाद्य डगमगतं. इथे उजव्या अंगठ्याचा आधार कामाला येतो. डावा अंगठा भोकाच्या जवळच ठेवा, बाजूला लटकवू नका.

टप्पा ६: उजवा हात, एक एक बोट

इथे घाई केली की किंचाळणं सुरू होतं. क्रम असा ठेवा:

खालचा ई: ० १ २ ३ ४ ५
खालचा डी: ० १ २ ३ ४ ५ ६
एफ शार्प, काळी तीन: ० १ २ ३ ५ ६
एफ: ० १ २ ३ ४ ६ ७
खालचा सी: सगळी बंद

प्रत्येक वेळी जी पासून सुरुवात करा. जी स्वच्छ वाजतोय? मग ४ आणि ५ ठेवा. ई स्वच्छ आला की ६. सूर फाटला तर उजव्या हाताकडे बघू नका, बहुतेक वेळा चूक डाव्या हातात असते. उजवी बोटं पसरताना डावी अनामिका किंवा अंगठा नकळत सरकतो. परत जी वर या, तो स्वच्छ करा, आणि पुन्हा खाली जा. कुठलं बोट गळतंय हे असंच सापडतं.

खाली जाताना फुंकर आणखी मऊ करा. जी च्या जोराने डी वाजवला तर तो वरच्या सप्तकात उडतो. नवशिके याला बोटांची चूक समजतात आणि बोटं दाबून दुखवून घेतात.

सहाव्या आणि सातव्या जागी बऱ्याच वाद्यांवर दोन छोटी भोकं शेजारी असतात. साध्या डी आणि सी ला ती दोन्ही झाका. एक उघडं राहिलं तर सूर अर्ध्या स्वराने चढतो.

आता एफ. बरोक वाद्यावर ० १ २ ३ ४ एवढंच ठेवलं तर एक सूर येतो, तो एफ सारखा वाटतो, पण चढा असतो. नवशिके जवळपास हमखास इथे फसतात. खरा एफ हवा असेल तर ६ आणि ७ झाकावेच लागतात, पाचवं उघडं ठेवून. ट्यूनरवर दोन्ही वाजवून फरक बघा. एकदा कानाला कळला की चुकीचा एफ पुन्हा सहन होणार नाही.

बासरी वाजवणाऱ्यांना अर्धं भोक उघडून सूर साधायची सवय असते. रेकॉर्डरवर खालच्या दुहेरी भोकांचे सूर सोडले तर बहुतेक अर्धस्वर असे मधलं एखादं बोट उचलून, खाली पुन्हा बोटं टेकवून काढतात. बी फ्लॅट, काळी पाच, म्हणजे ० १ ३ ४. अर्धी भोकं उघडून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) घ्यायचा मोह पहिल्या वर्षी टाळा. बोटं भोकं पूर्ण झाकायचं विसरतात.

टप्पा ७: वरचं सप्तक

खालचा सी ते वरचा डी हे सगळं स्वच्छ झाल्याशिवाय इकडे येऊ नका. वरचा ई वाजवायला बोटं खालच्या ई सारखीच, ० १ २ ३ ४ ५, पण अंगठा भोकावरून पूर्ण न काढता त्याचं टोक वाकवून वरच्या कडेला बारीक फट ठेवायची. फट जितकी लहान तितका सूर स्वच्छ. अर्धं भोक उघडलं तर सूर घरघरतो. फुंकर थोडी वेगाने, पण जोराने नाही, आणि जीभ जरा टोकदार, "दु" ऐवजी "तु".

खालचा ई, मग अंगठा किंचित वाकवून वरचा ई, परत खाली. इतर बोटं दगडासारखी स्थिर हवीत.

बिघडतं तेव्हा आधी काय तपासायचं

आवाज बसका, घोगरा झाला आणि बोटं बरोबर आहेत: हवेच्या वाटेत श्वासाची वाफ साचली आहे. टोक तोंडात ठेवून हवा झटकन आत ओढा, पाणी निघून येतं. हे रोजचं असेल तर वाजवण्याआधी वरचा तुकडा पाच मिनिटं मुठीत किंवा खिशात ठेवून गरम करा.

किंचाळतं: एखादं भोक गळतंय, किंवा जोर जास्त आहे. आधी जोर कमी करून बघा. ते लवकर कळतं.

सगळे सूर बरोबर आणि एकच बेसूर: बोटतक्ता बघा. तो तुमच्या वाद्याच्या पद्धतीचा आहे ना? जर्मन तक्ता बघून बरोक वाद्य वाजवणं ही फार नेहमीची चूक आहे.

उजवा अंगठा दुखतो: वाद्य फार घट्ट पकडलंय. मधे मधे हात खाली सोडून सैल करा.

वाजवून झाल्यावर

तुकडे वेगळे करा आणि कापडाच्या काडीने आतलं पाणी पुसा. वरच्या तुकड्यात काडी खिडकीपर्यंत जोरात घुसवू नका, धार तिथेच आहे. प्लास्टिकचं वाद्य आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात साबणाचे दोन-चार थेंब टाकून धुवा आणि सावलीत वाळवा. गरम पाणी नको, उन्हात किंवा बंद गाडीत ठेवणं नको, प्लास्टिक वाकतं. हवेची वाट वारंवार तुंबत असेल तर भांड्याच्या साबणाचा एक थेंब भरपूर पाण्यात मिसळून ते पाणी त्या वाटेतून जाऊ द्या आणि न पुसता वाळू द्या. पाण्याचे थेंब मग जमून राहत नाहीत. एकच वाद्य दोघांनी वाजवायचं असेल तर टोक प्रत्येक वेळी धुऊन घ्या.